दुसऱ्या रविवारची बैठक

मागच्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी परब बैठकीला आले नाहीत. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. परब सकाळी आंघोळीला गेले, बाहेर आले नाहीत, दार तोडावं लागलं, असं तिने सांगितलं. खोलीत एकोणीसजण होते. मी त्यांना म्हणाले, परब गेले, आज बैठक नाही, घरी जा. मग मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि कुलूप घेऊन दारापाशी आले. विक्रोळीच्या गटाचा अक्षय जिन्यात थांबला होता. 'मॅडम, पाच मिनिटं बोलायचं होतं,' तो म्हणाला. मी म्हणाले, 'नंतर.' तो गेला. मी कुलूप लावलं.

एकवीस वर्षांत रद्द झालेली ती पहिली बैठक. त्या 'नंतर'बद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी ही बैठक कसली, हे सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला मी सांगायला लागते तेव्हा तो दोन मिनिटांत विचारतो, 'म्हणजे संस्कारवर्ग का?' मी नाही म्हणते. मग तो विचारतो, 'ट्रेकिंगवाले?' मी पुन्हा नाही म्हणते. त्यानंतर तो सहसा काही विचारत नाही.

मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि घाटकोपर मिळून आमचे नऊ गट होते. बारा ते सतरा वयाची मुलंमुली आठवड्यातून एकदा दोन तास एकत्र येतात. कुठे मंडळाच्या खोलीत, कुठे सोसायटीच्या गच्चीवर, विक्रोळीला देवळामागच्या पत्र्याच्या मंडपात. खेळतात, भांडतात, नाटुकलं बसवतात, वस्तीतलं एखादं काम अंगावर घेतात. प्रत्येक गटाला एक ताई आणि एक दादा, किंवा दोन ताया. ही ताई-दादा मंडळीही फार मोठी नसतात, बहुतेक वीस-बावीस वर्षांची. कोणी मरोळला औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, कोणी बँकेत, कोणी अजून कॉलेजात. सगळे आपला वेळ देतात, त्याबदल्यात काही घेत नाहीत.

लोकांना वाटतं, उत्साह असला की हे काम जमतं. उत्साह साधारण तीन महिने पुरतो. चौथ्या महिन्यात एखादी मुलगी नुसती भिंतीला टेकून बसायला लागते. एखादा मुलगा दर वेळी कोणाला तरी मारतो. एखादी आई येऊन म्हणते, 'तुमच्याकडे यायला लागल्यापासून पोरगी उलट बोलते.' आणि ताईला काय करावं ते कळत नाही. तीन दिवसांच्या शिबिरात हे शिकवून भागत नाही, कारण शिबिरात शिकवतो तेव्हा ती भिंतीला टेकलेली मुलगी अजून आलेली नसते. ती आल्यावर शिकवावं लागतं. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा ते एक, सगळ्या ताई-दादांची बैठक. दोन तास त्या महिन्यात काय झालं ते ऐकायचं, एक तास काही शिकायचं. शिकायचं काय, ते शाळांच्या वर्षाप्रमाणे ठरलेलं असे. जूनमध्ये नवी मुलं येतात, म्हणून नावं लक्षात ठेवणं आणि पहिल्या दिवसाचे खेळ. ऑगस्टमध्ये चाचणी परीक्षा होऊन गेलेल्या असतात आणि मुलं घरी न सांगितलेल्या गोष्टी ताई-दादांना सांगायला लागतात, म्हणून ऑगस्टचा विषय गुपितं. ऑक्टोबरात सहली आणि प्रथमोपचार. फेब्रुवारीत दहावीची भीती.

ऑगस्टचा विषय गुपितं, हे लक्षात ठेवावं.

मी मुलुंडच्या एका सार्वजनिक वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल होते. वाचनालयाच्या वरची खोली रविवारी रिकामी असते, तिची किल्ली माझ्याकडे. परब विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. वडील गिरणीत, मूळ गाव कुडाळच्या पुढे. आमची ओळख झाली तेव्हा ते आपल्या चाळीतल्या मुलांना संध्याकाळी खेळवत आणि त्यासाठी खेळांचं पुस्तक मागायला आले होते. मी तीन पुस्तकं काढून दिली. आठ दिवसांनी त्यांनी ती परत आणली आणि म्हणाले, 'बाई, यातले निम्मे खेळ लिहिणाऱ्याने खेळलेलेच नाहीत.' मी तोपर्यंत पुस्तकाकडे त्या नजरेने पाहिलं नव्हतं. पुढे आम्ही दोघांनी मिळून हे काम केलं. ते करून दाखवत, मी वाचून सांगे आणि टिपणं ठेवत असे. ते मला बाई म्हणत, मी त्यांना परब म्हणे. एकवीस वर्षांत यात बदल झाला नाही.

परबांची कामाची रीत सांगायची तर केदारचं सांगावं लागेल. केदार मुलुंडच्या एका सोसायटीतला दादा. गिटार वाजवायचा, नकला करायचा, त्याच्या गटात चाळीसच्या वर मुलं. इतर ताई-दादांना त्याचा हेवा वाटे. एका बैठकीत परब त्याला म्हणाले, 'केदार, तू एक महिना सुट्टी घे.'

'काका, गट वाढतोय आणि तुम्ही मला काढताय?'

'काढत नाय रे. घरी बस. क्रिकेट बघ.'

'मी काय चुकलो ते तरी सांगा ना.'

'काय चुकला नाहीस. बस म्हटलं की बसावं.'

केदार महिनाभर घरी बसला, रागाने. त्याच्या जोडीची ताई गट घेत राहिली. पहिल्या आठवड्याला सगळी मुलं आली, दुसऱ्याला निम्मी, चौथ्या आठवड्याला तिघंच. केदारचं तोंड उतरलं. बैठकीत तो म्हणाला, 'वाट लागली काका, सगळा गट गेला.' परब म्हणाले, 'गेला कुठे? ते तिघं तुझा गट. बाकीचे प्रेक्षक होते.'

त्यावर खोलीत हशा झाला, पण केदारने ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षी त्याच्या गटात अठरा मुलं होती आणि तो नसला तरी अठराच्या अठरा येत. तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. प्रत्येक ताईने, प्रत्येक दादाने वर्षातून एक महिना गटापासून लांब राहायचं. त्याला आम्ही सुट्टीचा महिना म्हणतो. गट आपल्यासाठी येतो की एकमेकांसाठी, ते त्या महिन्यात कळतं.

मी एकदा परबांना विचारलं होतं, 'आणि आपला सुट्टीचा महिना?' ते हसले. 'मी काय गिटार वाजवतो, बाई?' मीही हसले. विषय तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट लिहायला जड आहे, कारण ती परबांच्या चुकीची आहे. पण ती वगळली तर त्यांच्याबद्दल काहीच खरं लिहिलं असं होणार नाही.

पंधरा वर्षं झाली असतील. आमच्या शिकवण्यात एक सराव असे. एकाने गटातलं मूल व्हायचं, दुसऱ्याने ताई, बाकीच्यांनी पाहायचं. मूल बहुतेक वेळा परबच होत, कारण इतरजण त्याचा तमाशा करत. त्या दिवशी विषय होता, प्रश्न विचारल्यावर उत्तर न देणारं मूल. परब सतरंजीच्या मधोमध बसले. त्यांनी शर्टाची कॉलर ओढली, छताकडे पाहिलं, 'म'वर तीनदा अडकले, मग गुडघ्यावर मूठ आपटून म्हणाले, 'जाऊ दे.' ते इतकं हुबेहूब होतं की सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसाच्या टिपणात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'परबांनी अडखळणारा मुलगा फार छान केला.'

दारापाशी बसलेली एक मुलगी उभी राहिली. भांडुपच्या गटासाठी नवी आलेली, अठरा वर्षांची. तिची ती पहिलीच बैठक. 'तो माझा भाऊ आहे,' ती म्हणाली.

ती खाली बसली. एक वाजेपर्यंत बसून राहिली, सतरंजीची घडी घालायला हात लावला आणि गेली. तिचं नाव रूपाली.

परबांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. भांडुपच्या गटाला भेट द्यायला ते दोनदा गेले होते, तिथे त्या मुलाची लकब त्यांच्या नजरेत बसली होती, इतकंच. पण 'नाव कुठे घेतलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी मला तिला लिहायचं पत्र लिहून द्यायला सांगितलं. मी दोन दिवस खपून लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. मनाला लागलं की ते गावच्या बोलीत बोलत. 'पत्र बरा आसा, बाई. पण ता तुमचा झाला. चूक माझी आसा.'

मग ते रूपालीच्या घरी गेले. आईने चहा दिला. भावाने नवी सायकल दाखवली, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. रूपाली त्यांना नाक्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, 'काका, तुम्ही आलात, सॉरी म्हणालात, बरं केलंत. पण चूक तुम्ही माझ्या घरी नाही केलीत ना. हसणारी माणसं तिकडे होती.'

पुढच्या बैठकीत परब दारापाशी बसले, रूपाली बसली होती त्या जागी. केदारला म्हणाले, 'तू परब हो. मागच्या वेळी मी केलं ते कर.'

'काका, मला नाही जमणार ते.'

'जमव. मला जमलं होतं.'

केदारने आवाज न काढता नुसती कॉलर ओढली. त्यावर दारापाशी बसलेल्या परबांनी रूपालीचं 'तो माझा भाऊ आहे' हे वाक्य म्हणायचं होतं. त्यांना ते पहिल्यांदा म्हणता आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. एका वाक्यासाठी साठीकडे झुकलेल्या माणसाचा आवाज असा फुटलेला मी तोवर ऐकला नव्हता. आणि हे ज्या मुलीसाठी चाललं होतं ती खोलीत नव्हती. ती आलीच नव्हती.

त्याच्या पुढच्या महिन्यात रुळांवर पाणी साचलं आणि दहा वाजता आम्ही दोघं धरून सहाजण होतो. मी म्हणाले, 'परब, आज राहू द्या. सगळ्यांना कळवते.' ते म्हणाले, 'आणि ती इली आणि दार बंद दिसला तर?' आम्ही सहाजण एकपर्यंत बसलो.

ती त्याच्या पुढच्या महिन्यात आली. कोणाकडून तरी तिला सगळं कळलं होतं. परबांनी पुन्हा केदारला उठवलं, पुन्हा दारापाशी बसले आणि तिच्यासमोर तिचं वाक्य म्हणाले. रूपालीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आता पुरे, काका. पुढचं घ्या.'

त्या तीन महिन्यांतून आमच्या बैठकीचे नियम तयार झाले, ते आजही तसेच आहेत. बैठकीत मुलाचं नाव घ्यायचं नाही आणि मुलाची नक्कल करायची नाही. नक्कल करायचीच तर आपल्या चुकीची. ज्याची चूक, त्याने ज्याचं नुकसान झालं त्याच्या जागी बसायचं आणि दुसऱ्या कोणीतरी त्याची भूमिका करायची. प्रसंग दोनदा करायचा. एकदा घडला तसा, एकदा घडायला हवा होता तसा. मध्ये कोणी सल्ला द्यायचा नाही. आणि शेवटचा नियम, बैठक रद्द होत नाही.

हा शेवटचा नियम मी मोडला.

परबांच्या तेराव्याला मी गेले, शेजाऱ्यांच्यात बसले. त्यांच्या मुलीने मला पुढे बोलावलं आणि पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणाली, 'या बाबांच्या...' आणि थांबली. मलाही पुढचा शब्द सुचला नाही. मैत्रीण म्हणावं असं आम्ही कधी बोललो नव्हतो, सहकारी म्हणावं तर ऑफिस नव्हतं. मग ती म्हणाली, 'या बाई.' ते बरोबर होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारआधी मी सगळ्यांना निरोप पाठवला की या महिन्यात बैठक नाही. ऑक्टोबरात तोच निरोप पुन्हा पाठवला. मी घरी बसून एकवीस वर्षांच्या टिपणवह्या वाचत होते. मी एकटी राहते, वाचायला कोणी आडवं येत नाही. मला वाटत होतं, मी पुढची तयारी करते आहे. प्रत्यक्षात मी परब कुठल्या दिवशी काय म्हणाले ते शोधत होते. फोन वाजत, मी सगळे घेत नव्हते. त्यात अक्षयचे दोन होते.

दिवाळीच्या चार दिवस आधी रूपाली फराळाचा डबा घेऊन आली. ती आता तेहतीस वर्षांची आहे, घाटकोपरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, भांडुपचा गट अजून तिच्याकडे आहे. तिने टेबलावरच्या वह्या पाहिल्या आणि डबा खुर्चीवर ठेवला.

'मॅडम, नोव्हेंबरची बैठक?'

'बघू गं. परबांशिवाय ती कशी होणार? शिकवत ते होते.'

'दोन गट बंद झालेत, तुम्हाला कोणी सांगितलं का?'

मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगायला केलेला फोन मी घेतला नव्हता.

'तुम्ही आम्हाला दर वर्षी महिनाभर घरी बसवलंत,' ती म्हणाली. 'का, तर गट ताईवर टांगलेला नको. मी रडले होते पहिल्यांदा, आठवतंय? तुम्ही दोघांनी कधी घेतलात सुट्टीचा महिना?'

'नाही.'

'एकवीस वर्षांत एकदा पण नाही. मग आम्ही काय होतो, मॅडम? प्रेक्षकच ना?'

ती रागाने बोलत नव्हती, पण मला तोंड वर करवेना. आम्ही दोघांनी सगळ्यांना शिकवलेली गोष्ट स्वतःला कधी लावली नव्हती. परबांनी ती हसण्यावारी नेली आणि मी ती तशी जाऊ दिली, कारण मला सुट्टीचा महिना नको होता. महिन्यातला तो एक रविवार मला हवा होता. हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

'कुठले दोन गट?' मी विचारलं.

'घाटकोपरचा एक. तो असाही रडतखडत चालला होता. आणि अक्षयचा.'

मग तिने मला अक्षयचं सांगितलं. जे आहे ते असं. त्याच्या गटातला चौदा वर्षांचा एक मुलगा, नियमाप्रमाणे नाव लिहीत नाही, तीन आठवडे शाळेत गेला नव्हता. सकाळी गणवेश घालून घरातून निघायचा आणि खाडीच्या बाजूला, कांदळवनाच्या कडेला जाऊन बसायचा. चाचणीत तो दोन विषयांत नापास झाला होता आणि उत्तरपत्रिकेवर वडिलांची सही त्याने स्वतःच केली होती. हे त्याने अक्षयला सांगितलं, पण त्याआधी कोणाला सांगणार नाही अशी शपथ त्याला घ्यायला लावली. अक्षयने शपथ घेतली. तो दादा होऊन वर्षही झालं नव्हतं, ऑगस्टची बैठक त्याच्या वाट्याला अजून आली नव्हती. ती आली असती तर परबांनी दर वर्षी सांगत तेच सांगितलं असतं. गुपित ठेवण्याचं वचन कधी देऊ नका. म्हणा, तू बोल, मी ऐकतो, आणि कोणाला कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. वचन आधीच देऊन बसला असाल तर बैठकीत या आणि सांगा.

अक्षय आला होता. जिन्यात थांबला होता.

मग त्याने दोन फोन केले. सप्टेंबरच्या बैठकीची वाट पाहिली, ती झाली नाही. शेवटी एकट्याने ठरवून तो मुलाच्या वडिलांकडे गेला आणि सगळं सांगितलं. मुलाला न विचारता, त्याच्या मागे. वडिलांनी काय केलं ते मी इथे लिहीत नाही. त्या आठवड्यात मुलाला शाळेतून काढून कणकवलीकडे मामाकडे पाठवलं. गटातल्या मुलांना समजलं की दादा घरी सांगतो. पुढच्या शनिवारी मंडपात अक्षय एकटाच होता.

मी म्हणाले, 'रूपाली, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी बैठक आहे. सगळ्यांना कळव. अक्षयला मी स्वतः फोन करते.'

अक्षयने फोन घेतला. तो मरोळला एका छपाई कारखान्यात काम करतो, मागे यंत्राचा आवाज होता. मी नोव्हेंबरची तारीख सांगितली. तो म्हणाला, 'माझा गट नाहीये आता, मॅडम. मी येऊन काय करू?'

'तू नको काही करू. मला करायचं आहे. तू फक्त असावंस.'

त्या रविवारी अकराजण आले. अक्षय दाराला पाठ लावून उभा राहिला, बसला नाही. मी परबांविषयी चार वाक्यं लिहून नेली होती, ती वाचली. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, 'आज चूक माझी आहे.' आयुष्यभर मी त्या खोलीत कोपऱ्यात बसून टिपणं घेतली. कधी सतरंजीच्या मध्ये गेले नव्हते. मी अक्षयची पिशवी मागून घेतली, खांद्याला लावली आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. रूपाली मी झाली. तिच्या एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात फोन.

मी म्हणाले, 'मॅडम, पाच मिनिटं बोलायचं होतं.'

रूपालीने माझ्याकडे पाहिलंही नाही. 'नंतर,' ती म्हणाली.

तो आवाज माझा होता. रविवारी दुपारी घाईने पुस्तक बदलून मागणाऱ्याला मी तीस वर्षं असंच 'नंतर' म्हणत आले होते. जिन्यात उभं राहिल्यावर ते किती लागतं, हे कळायला खांद्यावर पिशवी लागली.

नियमाप्रमाणे प्रसंग दुसऱ्यांदा केला. मी पुन्हा म्हणाले, 'मॅडम, पाच मिनिटं.' रूपाली या वेळी थांबली. तिने कुलूप पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, 'परब गेले, मला आत्ता काही सुचत नाहीये. पण तू बस. बोल.' ती पायरीवर बसली आणि मी तिच्या शेजारी बसले. आम्ही तशाच बसून राहिलो, कारण पुढचं कोणीच ठरवलं नव्हतं.

अक्षयने दारातून विचारलं, 'असं होऊ शकलं असतं का, मॅडम? खरंच? काका गेले होते तेव्हा.'

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी ते मान्य केलं असतं, त्यानेही. 'हो,' मी म्हणाले. 'पाच मिनिटं होती माझ्याकडे. मी नंतर स्टेशनपर्यंत चालत गेले, रिक्षा मिळत असूनही.'

तो आत येऊन बसला. मग त्याने त्याच्या चुकीचा प्रसंग केला. मुलाच्या जागी तो स्वतः बसला आणि केदार, ज्याच्या केसांत आता पांढरं दिसतं, अक्षय झाला. दुसऱ्या वेळी केदार म्हणाला, 'शपथ नको घालूस. तू सांग, मी ऐकतो. मग पप्पांना कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवू.' मुलाच्या जागी बसलेला अक्षय खाली बघून म्हणाला, 'चालेल.'

शेवटी त्याने विचारलं, 'आता काय करू?' परब असते तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. वह्यांतही ते नाही. मी म्हणाले, 'मलाही माहीत नाही.' मग आम्ही बाराजणांनी मिळून ठरवलं ते एवढंच. अक्षयने त्या मुलाला महिन्याला एक पत्र लिहायचं. पहिल्यात चूक मान्य करायची, कारणं द्यायची नाहीत. पुढच्यांत साधं काहीतरी. उत्तर मागायचं नाही. रूपाली म्हणाली, 'आणि मॅडमकडून लिहून घेऊ नकोस. काका सांगायचे, त्यांचं पत्र फार छान होतं.' खोलीत त्या दिवशी तेवढाच एकदा हशा झाला.

त्याला आता वर्ष होत आलं. नऊ गट होते, सात आहेत. विक्रोळीचा मंडप शनिवारी रिकामा असतो. अक्षय भांडुपला रूपालीच्या जोडीला दादा आहे आणि त्याने अकरा पत्रं पाठवली आहेत. मुलाचं उत्तर आलेलं नाही. तो तिकडे शाळेत जातो, एवढं त्याच्या मामाकडून कळलं आहे. या ऑगस्टला गुपितांचा विषय अक्षयने घेतला.

जून हा माझा सुट्टीचा महिना होता. मी घरी बसले. बैठक झाली, तेराजण आले होते, टिपण केदारने ठेवलं. त्याचं अक्षर वाईट आहे.

वाचनालयाच्या वरच्या खोलीच्या दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक रूपालीकडे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहाला दहा मिनिटं असताना दोघींपैकी कोणीतरी दार उघडतं.